चांद्याला न झालेला कारखाना

गेल्या पितृपक्षात माझा भाचा एक कागद घेऊन घरी आला आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसला. कागद बँकेचा होता, आणि त्याच्या तळाशी जामीनदाराच्या सहीची जागा कोरी होती. राजुऱ्याच्या बाहेर, गडचांदुरच्या रस्त्याला, त्याला राखेच्या विटांचा कारखाना काढावयाचा आहे. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख, दगडाची चुरी आणि सिमेंट. एक यंत्र, आठ माणसे. तारण म्हणून ताईचे चार एकर शेत. भावजींच्या माघारी तिच्याजवळ उरलेले तेवढेच.

"मामा, फक्त सही करा," तो म्हणाला. "बाकी सगळं जमलेलं आहे."

मी चष्मा शोधू लागलो तेव्हा ताई आतून म्हणाली, "दादा, पितरांच्या पंधरवड्यात असल्या कागदावर सही नको. दसऱ्यानंतर बघू." माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण त्या दिवशी तो पंधरवडा मला फार सोयीचा वाटला, हे कबूल करतो.

भाच्याने मग खिशातून मोबाईल काढून मला काही वाचून दाखविले. ते म्हणे नव्या उद्योजकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे होती. स्वप्न मोठे पाहा. वेगाने पुढे जा. लोकांच्या टीकेकडे लक्ष देऊ नका. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: कधीही हार मानू नका. आमच्या लहानपणी ज्याला 'धंदा काढणे' म्हणत, त्याला ही मुले 'स्टार्टअप' म्हणतात. शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. पण शेवटचे तत्त्व ऐकून मी ओट्यावरच हललो. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. या देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक ज्या माणसाने कल्पिला, त्याने या आमच्याच चांदा जिल्ह्यात हार मानली होती. एकदा त्याने स्वतः, आणि वीस-बावीस वर्षांनी पुन्हा त्याच्या माणसांनी. ती हार मानली नसती, तर तो कारखाना बहुधा झालाच नसता.

ही हकीकत भाच्याला सांगितली, तीच जरा सविस्तर येथे लिहितो. आमच्याकडची मुले जमशेदपूरचे नाव पाठ करतात. पण त्या गोष्टीचा पहिला अध्याय चांद्यात घडला, हे त्यांना कोणी सांगत नाही.

जमशेटजी नसरवानजी टाटा हे नाव वाचकांना नवे नाही. १८३९ साली नवसारीला जन्मलेला हा पारशी गृहस्थ विदर्भाला ओळखू लागला तो कापसामुळे. त्या काळी कापड गिरणी काढावयाची तर मुंबईत काढावी, असा दंडक होता. भांडवल तेथे, बंदर तेथे, गिरणीवाल्यांची वस्ती तेथे. जमशेटजींनी उलटा विचार केला: कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी का नको? कापूस, पाणी, इंधन आणि रेल्वे ही चारही एकत्र जवळ मिळतील असे गाव त्यांनी निवडले, ते नागपूर. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली, आणि ती भरून काढण्यासाठी गाड्यांनी माती आणून ओतली. तेथल्या एका सावकाराने या वेडेपणात पैसे घालण्यास साफ नकार दिला. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे मत पडले. पुढे त्याच सावकाराने कबूल केले म्हणतात की, टाटांनी सोने पुरले नाही, माती पुरली आणि सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळाले.

या गिरणीबद्दल लोक नेहमी तिच्या भरभराटीची गोष्ट सांगतात. मला तिची सुरुवातीची चूक अधिक मोलाची वाटते. पहिली यंत्रे स्वस्त पाहून घेतली होती, आणि ती हलकी निघाली. माल बरा निघेना. जमशेटजींनी काय केले? यंत्रांना रंगरंगोटी केली नाही, की मजुरांवर खापर फोडले नाही. नवी, चांगली यंत्रे आणविली. पुढे रिंग नावाच्या नव्या चात्या इंग्लंडातले गिरणीवालेसुद्धा हाती घ्यायला बिचकत होते, तेव्हा यांनी त्या नागपुरात लावून पाहिल्या. आधी थोड्या, मग पुष्कळ. हा 'आधी थोड्या' मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक अडचण होती. पगार हाती पडला की मजूर गावी जात, आणि पैसे संपेपर्यंत परतत नसत. मुंबईकडचा एखादा मालक असता तर दंड लावून मोकळा झाला असता. नागपूरच्या गिरणीत मात्र निवृत्तिवेतनाची आणि भविष्यनिर्वाहाची सोय झाली, अपघातात सापडलेल्यांना भरपाई मिळू लागली, बक्षिसे आणि खेळांचे दिवस सुरू झाले. माणूस का टिकत नाही हे आधी पाहावे आणि मग उपाय करावा, ही साधी गोष्ट. पण साध्या गोष्टी मालकांना उशिरा सुचतात. ही गिरणी आज उरलेली नाही. नागपुरातल्या जुन्या माणसांना तिचा भोंगा आठवतो.

आता चांद्याकडे वळतो.

१८८२ साली, जमशेटजी त्रेचाळीस वर्षांचे असताना, रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंड तयार करण्याची शक्यता. अहवालात लोहारा या गावाच्या खनिजाची वाखाणणी होती, आणि वरोऱ्याचा कोळसा तेथून फार दूर नव्हता. वरोऱ्याची खाण सुमारे १८७१ पासून चालू होती. वर्धेपासून वरोऱ्यापर्यंत रेल्वेही झालेली होती. म्हणजे कागदावर सगळे जुळले होते. दगड आहे, कोळसा आहे, रूळ आहेत. नागपूरची गिरणी नुकती पायावर उभी राहिली होती, मनुष्य धाडसी होता, जिल्हा ओळखीचा होता.

आमच्या भागात लोखंड काढणे काही नवीन नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जंगलातले लोहार लाकडी कोळशावर मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळीत. फाळ, कुऱ्हाडी, विळे त्यातूनच होत. लोहारा हे गावाचे नावच काय ते बोलते. तेव्हा 'येथे लोखंड होते, मग मोठे का होऊ नये?' असे कोणालाही वाटावे.

येथेच माणसाची परीक्षा असते. जमशेटजींनी खनिजाचे आणि कोळशाचे नमुने तपासणीसाठी जर्मनीला नेऊ घातले. निकाल आला तो असा की, वरोऱ्याचा कोळसा या कामाचा नाही.

हे का, ते थोडे समजावून सांगतो. कारण वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्या आम्हा लोकांना कोळसा रोज दिसतो, पण त्याचा स्वभाव ठाऊक नसतो. मोठ्या भट्टीत लोखंड गाळताना वरून खनिज, चुनखडी आणि कोक यांचे थरावर थर टाकतात आणि खालून तापलेली हवा सोडतात. कोक म्हणजे हवाबंद भट्टीत भाजून घेतलेला कोळसा. त्याने आच तर द्यायचीच, शिवाय वरच्या सगळ्या थरांचा भार अंगावर घ्यायचा आणि वायूला वर जाण्यासाठी वाटही ठेवायची. काही कोळसे भाजल्यावर मऊ होऊन, फुगून, घट्ट टणक कोक देतात. आमच्या वर्धा खोऱ्याचा कोळसा तसा नाही. तो भाजला की भुगा होतो. चुलीला चालेल, बॉयलरला चालेल, वीज करायला उत्तम चालेल. पण उंच भट्टीत घातला तर वरचा भार त्याला पिठासारखा चिरडील आणि भट्टीचा श्वास कोंडेल. गावातल्या लोहाराची भट्टी कमरेएवढी, तिच्यात भाराचा प्रश्नच नव्हता. म्हणून जे लहान प्रमाणात जमते ते मोठ्या प्रमाणात जमेलच, हा हिशेब येथे चुकतो.

त्यातच खाणींच्या परवान्यांचे सरकारी नियम इतके जाचक होते की, खासगी माणसाने त्यात पैसा घालणे म्हणजे हातपाय बांधून विहिरीत उतरणे. जमशेटजींनी चांद्याचा बेत सोडला.

बेत सोडला, विषय सोडला नाही. लोखंड-पोलादावर जे छापून येई त्याची कात्रणे ते जमवीत राहिले. सतरा वर्षे. या सतरा वर्षांत त्यांनी पुष्कळ दुसरे केले, पण लोखंडाचा एक पैसाही कोठे घातला नाही. १८९९ साली मेजर मेहन या लष्करी अधिकाऱ्याचा अहवाल आला की, हिंदुस्थानात पोलाद तयार करण्याची वेळ आली आहे. त्याच सुमारास लॉर्ड कर्झनने खाणींचे नियम सैल केले. तेव्हा साठीला आलेला हा माणूस पुन्हा उठला. लंडनला गेला, भारतमंत्र्यांना भेटला. मग अमेरिकेला गेला. तेथे ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याने त्यांना आधीच बजावले की, नुसत्या प्राथमिक तपासणीलाच फार मोठा खर्च येईल, आणि त्यातून काही निष्पन्न होईलच असे नाही. जमशेटजींनी तो खर्च मान्य केला. केनेडीने नाव सुचविले चार्ल्स पेज पेरिन यांचे, आणि पेरिनने आपला सहकारी सी. एम. वेल्ड याला इकडे पाठविले.

पाहा, वाचकहो: कारखान्याची एक वीट रचली गेलेली नाही, एक शेअर विकलेला नाही, आणि माणूस केवळ 'होईल की नाही' हे कळावे म्हणून भली थोरली रक्कम घालतो आहे. आमच्या भाच्याच्या मोबाईलमधल्या यादीत हे तत्त्व नव्हते.

१९०३–०४ च्या सुमारास वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला ही मंडळी चांद्याच्या रानात हिंडली. (हेच सकलातवाला पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटात कम्युनिस्ट सभासद झाले. भाचे काय करतील याचा नेम नसतो.) बैलगाड्यांतून प्रवास, तंबूत मुक्काम. पाण्याचे इतके हाल की सोडावॉटरचा चहा करून प्याले, असे वर्णन आहे. आमचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. लोहाऱ्याचा डोंगर पाहिला, आजूबाजूचे साठे पाहिले. दगड चांगला होता. पण तो ठिकठिकाणी, सुटा सुटा होता. मोठी भट्टी वर्षानुवर्षे चालेल एवढा सलग साठा वेल्डला दिसला नाही. त्याने स्पष्ट सांगितले: येथे होणार नाही.

हे सांगणे सोपे नव्हते. ज्या धन्याच्या पैशाने तो सात समुद्र ओलांडून आला, त्या धन्याच्या मुलासमोर वीस वर्षांचे स्वप्न मोडायचे होते. आणि दोराबजींनी ते ऐकून घेतले, हे त्याहून कठीण. बापाची इच्छा, खर्च झालेला पैसा, लोकांत झालेला बोभाटा. एवढे सगळे पाठीशी असताना किती मुलगे 'येथे नाही' हे उत्तर घेऊन परत फिरतील?

दोराबजी नागपूरला गेले. सचिवालयात जाऊन 'आम्ही चांद्याचे काम थांबवीत आहोत' असे कळवायचे होते. साहेबांना वेळ नव्हता, थांबावे लागले. थांबायचे म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तोच हा. पेंढा भरलेली जनावरे, शिलालेख, नाणी पाहत फिरताना त्यांना भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा नकाशा दिसला, आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाच्या खुणेचा दाट रंग. तेथून वेल्ड आणि मंडळी दुर्गकडे गेली. दल्ली-राजहराचा डोंगर सापडला, ज्याच्यावर चालताना पावलाखाली धातूसारखा आवाज येई. खनिज उत्तम, सलग, हवे तेवढे. पण कोकचा कोळसा दूर आणि पाण्याची वाण. म्हणून तोही डोंगर सोडला. या खेपेला तर हाती आलेला डोंगर सोडला!

मग प्रमथनाथ बोस यांचे पत्र उपयोगी पडले. हे बंगाली भूगर्भशास्त्रज्ञ सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात गेले होते. २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्रात त्यांनी टाटांना कळविले की, येथे लोखंडाचे डोंगर आहेत, आणि झरियाचा कोळसा जवळ आहे. झरियाचा कोळसा म्हणजे कोक देणारा. त्याच वर्षी १९ मे रोजी जमशेटजी जर्मनीत वारले. कारखान्याची जागाही त्यांनी पाहिली नाही. पुढे सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ साकची नावाच्या खेड्याची निवड झाली. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनी स्थापन झाली. लंडनच्या सावकारांनी पाठ फिरविली, तेव्हा भांडवलासाठी स्वदेशात हाक दिली. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० लोकांनी १६,३०,००० पौंड उभे केले. वंगभंगानंतरचे ते स्वदेशीचे दिवस होते. १९१२ च्या फेब्रुवारीत पोलादाची पहिली लगड बाहेर पडली. साकचीचे जमशेदपूर झाले ते १९१९ साली. (२६ ऑगस्ट ही तारीख आमच्याकडे दुसऱ्याच कारणाने लक्षात राहते: १९८२ साली त्याच तारखेला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. योगायोगाला अर्थ नसतो, पण मास्तरांना तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मामा, चांद्याचं नशीबच फुटकं?"

मीही तरुणपणी असेच समजत होतो. राजुऱ्याच्या बाजूने वर्धा नदीवर उभे राहून बल्लारपूरकडे पाहताना वाटे की, एका कोळशाच्या तपासणीने आमचे जमशेदपूर नेले. आता तसे वाटत नाही. एक तारीख पाहा. वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली. समजा, १८८२ मध्ये जमशेटजी हट्टाला पेटले असते, लोकांकडून पैसा गोळा करून लोहाऱ्याजवळ भट्टी उभारली असती. कोळसा भट्टीला नालायक, खनिज तुटपुंजे, आणि पंचवीस वर्षांच्या आत ज्या खाणीवर भिस्त ठेवली तीही मिटलेली. त्या भट्टीबरोबर नागपूरची गिरणीही बुडाली असती कदाचित. आणि हिंदी माणसाला पोलाद जमत नाही, हे म्हणायला साहेबाला कायमचे निमित्त मिळाले असते.

शिवाय नशीब फुटके म्हणावे तर या मातीतून दुसरे किती निघाले! आमच्या कोळशाला कोक होता येत नाही, पण वीज करता येते. सास्तीच्या आणि आसपासच्या खाणींतून तोच निघतो. गडचांदुर, आवारपूरकडे चुनखडी आहे, तेथे सिमेंटचे कारखाने झाले. जंगलात बांबू आहे. त्यावर करमचंद थापर यांनी १९४५ साली कागदाच्या गिरणीची कंपनी काढली, आणि ती आमच्या समोरच, नदीपलीकडे बल्लारपूरला उभी राहिली. तिने माणसे पोसली. पण बांबू ज्यांच्या दारात वाढतो त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न तिच्या हिशेबात फारसा नव्हता. त्याचे उत्तर फार उशिरा, २०११ साली, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने दिले: ग्रामसभेने वनहक्क मिळवून बांबू स्वतः विकावयास सुरुवात केली. मला विचाराल तर हाही एक उद्योगच, आणि भांडवल नसताना उभा राहिलेला. आणि लोखंड? तेही या मुलखात होते. सूरजागडच्या डोंगरातून आज ते निघते आहे. वेल्डच्या काळी तो भाग अहेरीच्या जमीनदारीतले घनदाट अरण्य होता. रूळ नाहीत, रस्ता नाही. दगड जमिनीत असणे आणि कारखान्याला उपयोगी पडणे यांत किती अंतर असते, ते यावरून दिसेल.

एवढ्यावर भाचा गप्प झाला असता, पण मी घरचीही एक गोष्ट सांगितली. ती बाहेर फारशी सांगत नाही.

राजुरा तेव्हा चांद्यात नव्हते. आमचा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १९५६ मध्ये तालुका नांदेडला जोडला गेला, आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. त्याआधी वर्धा नदी ही आमची सरहद्द होती. नदी ओलांडली की इंग्रजी राज्य. येताना करोडगिरीचे नाके. माझ्या आजोबांनी चाळिशीत साबणाचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे मागल्या परसात दोन कढया आणि एक गडी. तेल येथलेच, टोळीचे. मोहाच्या बियांना आम्ही टोळी म्हणतो. त्यामुळे कच्चा माल दारात आहे, या आनंदात ते होते. पण तेलाने साबण होत नाही, त्याला सोडा लागतो. सोडा नदीपलीकडून यायचा. तेथे पैसे मोजायचे ते इंग्रजी कलदार रुपयांत, आणि नाक्यावर वर जकात. साबण विकायचा तो इकडच्या बाजारात, निजामाच्या हाली सिक्क्यांत. हालीचा भाव कलदारापेक्षा कमी. म्हणजे प्रत्येक वडीमागे ते थोडे थोडे बुडत होते, आणि खप वाढला की अधिक वेगाने बुडत होते! खप चांगला होता, हेच दुर्दैव. गिऱ्हाईक साबणाची स्तुती करी, आजोबा आणखी सोडा मागवीत.

आजीला हे आधी कळले होते. ती हिशेब लिहीत नसे, पण घरातले कलदार रुपये संपत चालले आहेत आणि हालीची थैली फुगते आहे, हे तिला दिसत होते. आजोबांनी ऐकले नाही. त्यांचे तत्त्व तेच होते: हार मानायची नाही. तीन वर्षांनी आजीच्या पाटल्या गेल्या आणि नदीकडचे शेत गेले. कढया मात्र पुष्कळ वर्षे आमच्या घरी होत्या. लग्नकार्यात त्यांत बुंदी तळीत.

ही गोष्ट सांगितली तेव्हा ताई दारात येऊन उभी होती. ती काही बोलली नाही. भाच्याने तिच्याकडे पाहिले, मग कागदाकडे.

मी त्याला विचारले, "तू राख कोठली धरली आहेस?"

"वीज केंद्राची. फुकट मिळते मामा, फक्त गाडीभाडं."

"धुराड्याजवळ कोरडी गोळा करतात ती, की तळ्यात सोडलेली?"

तो थांबला. मी काही अभियंता नाही. पण पितृपक्षाच्या त्या पंधरवड्यात मी विटा करणाऱ्या दोघांकडे जाऊन बसलो होतो. कोरडी राख पिठासारखी बारीक असते आणि चुन्याशी किंवा सिमेंटशी चांगली जुळते. तळ्यातली जाडीभरडी, ओली. तिच्यात तो गुण कमी. दोन्हींना राखच म्हणतात, जसे वरोऱ्याच्या आणि झरियाच्या दोघांनाही कोळसाच म्हणतात. त्याने जो भाव धरून सगळे गणित मांडले होते, तो तळ्यातल्या राखेचा होता. आणि विटांची ताकद धरली होती ती यंत्र विकणाऱ्याच्या छापील पत्रकातली, म्हणजे कोरड्या राखेची.

त्याला राग आला. येणारच. "तुम्ही सगळे म्हातारे आधी पाय ओढता," असे काहीसे तो पुटपुटला, आणि कागद घडी करून निघून गेला. ताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पोराच्या मनात भरलेले मोडले म्हणून, की मोडून बरे केले असे वाटूनही ते मुलासमोर म्हणता येईना म्हणून, ते मला अजून समजलेले नाही.

दसऱ्याला तो सोने द्यायला आला. पाया पडला. जाताना म्हणाला, "मामा, एकाच्या यंत्रावर भाड्याने शंभर विटा काढतोय. अर्ध्या त्या राखेच्या, अर्ध्या ह्या. एकवीस दिवस पाणी मारावं लागतं." मी बरे म्हटले. अधिक बोललो असतो तर पुन्हा मास्तरकी झाली असती.

आज धनत्रयोदशी. सकाळी तो स्कूटरवर गोणी घेऊन आला. दोन्ही प्रकारच्या सहा-सहा विटा चंद्रपूरला तपासणीसाठी दिल्या आहेत, दाबून पाहायला. निकाल दिवाळीनंतर येईल. घरी आणल्या त्या तीन आणि तीन. त्यांवर खडूने खुणा केलेल्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर त्याने त्या कोरड्या तोलून घेतल्या, वजने वहीत लिहिली, आणि परसातल्या न्हाणीतल्या हौदात बुडवून ठेवल्या. चोवीस तासांनी काढून, पुसून, पुन्हा तोलायच्या. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पाणी जी पिईल ती वीट खराब.

ताई मघाशी उटण्याची वाटी भरताना हौदात डोकावली आणि म्हणाली, "अरे, उद्या पहाटे अभ्यंगाचं पाणी याच हौदातून काढायचं आहे." त्याने सांगितले की, पहाटे चार वाजता चोवीस तास होत नाहीत, तेव्हा विटांना हात लावू नये, पाणी विहिरीवरून तो स्वतः आणील. बँकेचा कागद माझ्या पंचांगात घडी करून ठेवलेला आहे. तळाची जागा अजून कोरी आहे.